स्पार्टनबर्गला कारखाने का येतात

पुण्याहून कुणी विचारलं, की “तुम्ही राहता तिथे असं आहे तरी काय?”, तर मी आधी नकाशा उघडायला सांगतो. अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्याच्या वायव्य भागात स्पार्टनबर्ग काऊंटी आहे. काऊंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा, फक्त इथे निवडून आलेली कौन्सिल स्वतः कर ठरवते आणि उद्योगांशी करारही करते. 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या होती सुमारे 3 लाख 28 हजार. अटलांटा आणि शार्लट या दोन मोठ्या शहरांना जोडणारा आय-85 महामार्ग इथून जातो आणि चार्ल्सटन बंदराकडे उतरणारा आय-26 त्याला इथेच छेदतो. रेल्वेच्या इतक्या वाटा इथे येऊन मिळायच्या, की स्पार्टनबर्गला जुनं नावच पडलं ‘हब सिटी’.

पण ही जागा कापडगिरण्या बंद पडत होत्या तेव्हाही इथेच होती. गिरण्यांभोवती वसलेल्या वस्त्या, भोंग्यावर चालणारे संसार आणि मग कुलपं, हे सगळं इथे होऊन गेलंय. ड्रेटन मिलच्या इमारतीत आता भाड्याची घरं आहेत. लालबाग-परळच्या माणसाला तिथे उभं राहिल्यावर काय वाटतं, ते वेगळं सांगायला नको. म्हणून ‘मोक्याची जागा आहे, उद्योग येणारच’ हे वाक्य मला पटत नाही.

फरक पडला तो माणसांमुळे. मिलिकन या इथल्या मोठ्या कापड कंपनीचे प्रमुख रॉजर मिलिकन नवनवी युरोपीय यंत्रं आणायचे. यंत्रं विकणाऱ्या जर्मन आणि स्विस कंपन्यांना दुरुस्तीसाठी, सुट्या भागांसाठी जवळपास ठिकाण हवं होतं. चेंबर ऑफ कॉमर्सचे डिक ट्युकी यांनी ते हेरलं. ते आणि त्यांचे सहकारी या कंपन्यांच्या मागे लागले आणि त्यांना इथे घेऊन आले. त्यामुळे 1992 मध्ये बीएमडब्ल्यू अमेरिकेत कारखान्यासाठी जागा शोधत होती, तेव्हा जर्मन कंपन्यांनी वर्षानुवर्षं इथे धंदा करून दाखवलेला होता. शेवटच्या टप्प्यात नेब्रास्कातलं ओमाहाही शर्यतीत होतं. राज्याने घरमालकांकडून जमीन विकत घेऊन ती नाममात्र भाड्याने दिली आणि शेजारच्या विमानतळाची धावपट्टी वाढवली. सप्टेंबर 1994 मध्ये पहिली गाडी बाहेर पडली. आज तिथे वर्षाला सुमारे 4 लाख गाड्या होतात, 11 हजारांवर लोक काम करतात आणि बरंचसं उत्पादन परदेशी जातं.

बंदर तर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास लांब. त्यावरचा उपाय मला फार आवडतो. 2013 मध्ये राज्याच्या बंदर प्राधिकरणाने ग्रीर या जवळच्या गावात ‘इनलँड पोर्ट’ सुरू केलं. चार्ल्सटनला उतरलेले कंटेनर मालगाडीने थेट इथे येतात. ते सुरू होताना बीएमडब्ल्यूसारखं मोठं गिऱ्हाईक शेजारी होतं, म्हणून पहिल्या दिवसापासून गाड्यांना माल होता. जालन्याच्या ड्रायपोर्टबद्दल वाचताना मला हेच विचारावंसं वाटतं: रोज कंटेनर भरून देणारा कारखानदार तिथे कोण असेल? रूळ टाकण्याइतकंच तेही आधी ठरायला हवं.

मात्र माझ्या मते या काऊंटीची सगळ्यात मोठी ताकद तिच्या टेक्निकल कॉलेजात आहे. 1961 मध्ये गव्हर्नर अर्नेस्ट हॉलिंग्ज यांच्या काळात राज्याने ही व्यवस्था उभी केली, तीच मुळी नव्या कारखान्यांना हवे तसे कामगार तयार करून देण्यासाठी. कंपनी येणार हे ठरलं, की तिला कुठली कामं, कुठली यंत्रं, किती माणसं लागतील हे समजून घेतलं जातं आणि राज्याच्या खर्चाने भरती-प्रशिक्षण सुरू होतं. कारखान्याच्या भिंती उभ्या राहत असताना माणसं वर्गात शिकत असतात. बीएमडब्ल्यूच्या ‘स्कॉलर्स’ योजनेत मुलं कॉलेज करता करता कारखान्यात पगारी काम करतात, फीला कंपनीचा हातभार लागतो. आपल्याकडे आयटीआयमधून बाहेर पडलेल्या मुलाला चाकणच्या गेटवर ठेकेदारामार्फत आत शिरताना पाहिलेल्या माणसाला यातला फरक टोचतो. मला टोचतो.

याची किंमतही आहे आणि इथले लोक ती उघडपणे मोजतात. राज्याच्या कायद्यातल्या मूळ दरानुसार कारखान्याच्या मालमत्तेच्या किमतीपैकी 10.5 टक्के भाग करासाठी धरला जातो. मोठी गुंतवणूक आणणाऱ्याशी काऊंटी करार करते आणि ते प्रमाण 6 टक्क्यांवर, फारच मोठ्या प्रकल्पांना 4 टक्क्यांवर आणते, तेही कित्येक वर्षांसाठी. मालमत्ता कराचा मोठा वाटा शाळांना जातो, म्हणजे सवलतीचा भार शाळांवरही येतो. पण करार कौन्सिलच्या जाहीर बैठकीत येतो, नागरिक उभं राहून बोलू शकतात आणि सवलतींमुळे बुडालेल्या महसुलाची माहिती वार्षिक हिशेबात द्यावी लागते. एखादा प्रकल्प गुजरातला गेला की आपल्याकडे महिनाभर आरोप-प्रत्यारोप होतात. आलेल्या प्रकल्पाला नेमकं काय देऊ केलं आणि ते कुणाच्या वाट्यातून गेलं, यावर तेवढी चर्चा झालेली मला तरी आठवत नाही.

आणखी एक गोष्ट लपवू नये. साउथ कॅरोलायना अमेरिकेतल्या सगळ्यात कमी कामगार संघटना असलेल्या राज्यांपैकी आहे. कंपन्यांना ते आवडतं. गिरणी संपाच्या आठवणीत वाढलेल्या मला ही बाजू सहज पचत नाही.

2022 मध्ये बीएमडब्ल्यूने इथे आणखी 1.7 अब्ज डॉलर घालायचं जाहीर केलं. त्यातले 70 कोटी याच काऊंटीतल्या वुड्रफ या छोट्या गावाजवळच्या बॅटरी कारखान्यासाठी. त्या परिसरात आधी शेतं आणि झाडी होती. आता रस्ते रुंद करा, शाळेच्या जागा वाढवा, सांडपाण्याची सोय करा, अशा मागण्या सुरू आहेत. कौन्सिलच्या बैठकीला जमेल तेव्हा मी जातो. मतदानाचा हक्क मला नाही, पण कर मीही भरतो आणि माझी मुलगी इथल्याच सरकारी शाळेत जाते. पुढच्या बैठकीत मला एवढंच विचारायचंय, की नव्या करारांतून येणाऱ्या पैशातला किती हिस्सा वुड्रफच्या शाळांना लिहून दिलाय.