दुर्रीने घात केला
मागच्या अपडेटमध्ये मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की ब्रिजमधली ब्लॉक झालेली सूट (चांगली पानं आहेत, पण त्या हातात जाता येत नाही) आता आपल्याला त्रास देत नाही. घ्या. काल ४ इस्पिक, म्हणजे इस्पिक हुकूम आणि १० ट्रिक्स (हात) करायच्या, तर दोन कमी पडल्या, दोन डाऊन.

माझ्याकडे इस्पिक एक्का-राजा-राणी-गुलाम-दश्शी-दुर्री, बदाम एकटी पंजी, चौकट नुसते एक्का-राजा, किलवर अठ्ठी-छक्की-चव्वी-दुर्री. डमीत (पार्टनरची टेबलावर उघडी पानं, तीही मीच खेळतो) इस्पिक नव्वी-सत्ती-तिर्री, चौकट राणी-गुलाम-पंजी-तिर्री, बाकी सगळा कचरा. म्हणजे ६ हुकूम अधिक ४ चौकट, १० ट्रिक्स तोंडपाठ, फक्त डमीत जायचं कसं तेवढंच बघायचं.

समोरच्यांचं लीड, म्हणजे पहिलं पान, बदामचा एक्का, मग राजा. मी काय केलं, सवयीने दुर्रीने रफ (हुकमाने मारलं)! मोठं पान कशाला वाया घालवा म्हणून. नंतर हुकूम काढत बसलो आणि मग डोक्यात उजेड पडला की माझ्याकडे डमीच्या नव्वीच्या खालचा एकही हुकूम उरलेला नाही, चौकटची राणी-गुलाम डमीत बसून माझ्याकडे बघतायत आणि मी इकडे किलवर देतोय, समोरच्यांचे किलवर ४-२ (एकाकडे चार, दुसऱ्याकडे दोन) होते त्यामुळे माझे चारही गेले.

दश्शीने रफ करायला हवं होतं. बाहेर अठ्ठी-छक्की-पंजी-चव्वी एवढेच हुकूम, म्हणजे दुर्री ते नव्वी हा पूल पक्काच होता.

सॉल्व्हर (चारही हात बघून किती ट्रिक्स होतात ते सांगणारा प्रोग्राम) म्हणतो १०, पण का ते सांगत नाही. माझं मत, शिकायला असताना तो आणि ते अन्डू बटण दोन्ही बंद ठेवावं, बोट आपोआप तिकडेच जातं.

एक गोष्ट मात्र जमली. दुसऱ्या एका डीलमध्ये एका सूटमध्ये माझ्याकडे एक्का-राणी, समोर डमीत राजा-गुलाम-दश्शी-नव्वी-छक्की-तिर्री, डमीत दुसरी एन्ट्री (तिकडे जायची वाट) नाही, आणि मी न अडखळता राणीवर राजा टाकला! सहाच्या सहा ट्रिक्स. पार्टनर काही बोलला नाही, पण भुवई उडाली.

आणि हे लिहिताना आत्ता लक्षात येतंय, दश्शीने रफ करूनही मी फसलो असतो कदाचित. हुकूम ३-१ असतील तर तिसरी फेरी म्हणजेच ती नव्वी, म्हणजे त्याच्या आधीच, एक हुकूम बाहेर असताना, चौकटचे एक्का-राजा वाजवून घ्यायचे. उरलेला हुकूम ज्याच्याकडे, त्याच्याकडे चौकटचं एकच पान असेल तर मेलो, पण ते ६-१ झालं, चालेल. आधी नव्वीवर गेलो तर एक्का-राजा माझ्याकडेच अडकले.

पुढचा महिना स्क्वीझचा (समोरच्याला कामाचं पान टाकायला लावायची चाल) ठरवला होता, तो रद्द. त्याऐवजी डमीत नेमकी एकच एन्ट्री असलेल्या ५० डील्स काढून बसतो.