ॲपल-१ ची प्रतिकृती: अखेर पडद्यावर अक्षरं धावली

ॲपलच्या पहिल्या संगणकाची प्रतिकृती जोडतोय. शनिवारी तिच्या बोर्डाला पहिल्यांदा वीज दिली. पडदाभर ॲट-चिन्हं आणि आडव्या रेघांची उघडझाप सुरू झाली. नव्याने जोडणाऱ्यांनी घाबरू नये, मूळ यंत्रही असंच जागं व्हायचं. आधी क्लिअरचं बटण, मग रिसेटचं. एक उलटी तिरकी रेघ उमटली, म्हणजे हे यंत्र घडवणाऱ्या वॉझ्नियाकचा २५६ बाइटचा मॉनिटर (पडदा नव्हे, टाइप केलेल्या आज्ञा घेणारा छोटा प्रोग्रॅम) चालू झाला.

पण ० दाबलं की २ यायचं, १ चं ३, ए चा सी. २, ३ आणि बी मात्र बिनचूक. रिटर्नला तर दादच नाही. वहीत बायनरी मांडून बसलो तेव्हा उलगडलं: उजवीकडून दुसरा बिट कायम १ येतोय. कीबोर्डाच्या तारा ६८२० या चिपच्या ज्या पोर्टवर येतात, तिथे आतच पुल-अप (तार १ कडे ओढून धरणारा रेझिस्टर) असतो. तार तुटली तरी चिप १ च वाचते. भिंगातून पाहिलं, सॉकेटच्या त्याच पिनेवरचं सोल्डर मळकट आणि दाणेदार. ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला जोड! फ्लक्स लावून पुन्हा तापवलं, चकचकीत बसलं.

मग १९७६ च्या मॅन्युअलमधला चाचणीचा प्रोग्रॅम घातला. अवघे ११ बाइट: ए९ ० एए २० ईएफ एफएफ ई८ ८ए ४सी २ ०. आर आणि रिटर्न दाबताच अक्षरांची रांग सुरू झाली. सेकंदाला साधारण ६०, त्याहून वेगाने नाहीच. पडद्याची अक्षरं रॅममध्ये नसतात, १०२४ बिटांच्या शिफ्ट रजिस्टरांमध्ये गोल फिरत असतात. कर्सरची जागा फिरून येईपर्यंत नव्या अक्षराला थांबावं लागतं, आणि ती एका फ्रेममध्ये एकदाच येते. हे वाचून माहीत होतं, पण डोळ्यांसमोर बघताना अंगावर काटा आला. (या रजिस्टरांच्या २५०४ क्रमांकाच्या चिपा मिळवण्यातच माझे सगळ्यात जास्त महिने गेले. दिसल्या की घेऊन ठेवा.)

इतकी काटकसर होती म्हणूनच हे यंत्र घडलं. इंटेलचा ८०८० प्रोसेसर सुटा घ्यायला ३६० डॉलर पडायचे, ६५०२ हा प्रोसेसर मात्र २५ डॉलरला मिळत होता. वॉझ्नियाकने तो घेतला. तरी ६६६.६६ डॉलरच्या बोर्डासोबत पेटी, कीबोर्ड, ट्रान्सफॉर्मर यातलं काहीच नसायचं.

वीज बंद केली की टाइप केलेलं सगळं पुसलं जातं. म्हणून आता कॅसेट कार्ड, म्हणजे प्रोग्रॅम टेपवर साठवून परत चढवणारं. बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेचे ४ केबी टेपवरून साधारण अर्ध्या मिनिटात चढायला हवेत. ज्यांचं कार्ड चालू आहे, त्यांनी प्लेअरचा आवाज कितीवर ठेवलाय तेवढं कळवा.