मिश्रीच्या तव्यावर काय तयार होते

तव्यावर तंबाखू काळपट होईपर्यंत भाजायचा, गार झाल्यावर चुरून त्याची पूड करायची आणि ती बोटावर घेऊन दात-हिरड्यांवर चोळायची, ही मिश्रीची सवय महाराष्ट्रात असंख्य बायकांना आहे. सकाळी दात घासण्यापुरती सुरू झालेली मिश्री पुढे दिवसातून चार-पाच वेळा लागते आणि बराच वेळ तोंडात राहते. तंबाखूतील निकोटिनबद्दल आपण वाचतो; भाजण्यामुळे त्यात आणखी काय मिसळते, याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही, म्हणून हे लिहीत आहे.

लाकूड, कोळसा, तेल, मांस किंवा तंबाखू पुरेशा हवेअभावी अर्धवट जळला की पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन, म्हणजे पीएएच, या गटातील संयुगे तयार होतात. काजळी, डांबर, वाहनांचा धूर, निखाऱ्यावर करपलेले मांस या सगळ्यांत ती असतात. त्यांतील बेंझोपायरीन हे माणसात कर्करोग घडवणारे द्रव्य म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात ठेवले आहे, आणि मुंबईतील संशोधकांना १९८० च्या दशकात तेच मिश्रीतही आढळले.

हा धोका नवा नाही. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्यांच्या वृषणकोशाच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला, तो १७७५ साली. १९१५ मध्ये यामागिवा आणि इचिकावा या जपानी संशोधकांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने कोळशाचे डांबर लावून कर्करोग घडवून दाखवला, आणि १९३३ मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांनी डांबरातून बेंझोपायरीन वेगळे काढले. विशेष म्हणजे बेंझोपायरीन मुळात डीएनएला चिकटत नाही. ते पाण्यात विरघळून शरीराबाहेर जावे म्हणून आपलीच विकरे त्याचे रूपांतर करू लागतात आणि त्या वाटेवर तयार होणारे एक संयुग डीएनएला घट्ट चिकटते. डीएनएची ही इजा दुरुस्त व्हायची राहून गेली की पेशीत कायमची चूक उरते.

मिश्री भाजताना उठणारा धूर भाजणारीच्या फुफ्फुसात जातो, शेजारी खेळणाऱ्या मुलांच्याही जातो. चूल असेल तर त्यात लाकडाच्या धुराची भर पडते. चीनमधील श्वानवेई परगण्यात धूम्रपान न करणाऱ्या बायकांमध्ये फुफ्फुसाचा कर्करोग फार होता; घरात धुराडे नसलेल्या शेगडीत धुरकट कोळसा जाळणे हे त्याचे कारण निघाले, आणि धुराडे बसवलेल्या घरांत हा धोका पुढे जवळपास निम्म्यावर आला. मिश्रीसाठी असा उपाय नाही. ती अंगणात भाजली तर घरातला धूर कमी होईल, पण पूड हिरडीवरच लागणार.

गर्भवतींची गोष्ट मला अधिक काळजीची वाटते. मुंबईतील १,२१७ गर्भवतींच्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत धूररहित तंबाखू, बहुतेकींच्या बाबतीत मिश्रीच, वापरणाऱ्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. यात निकोटिनचा वाटा मोठा असणार. पण आईच्या शरीरातील पीएएच वारेतून गर्भापर्यंत पोहोचतात, हेही ठाऊक आहे.

दवाखान्यात “तंबाखू खाता का?” असे विचारले की यांतल्या अनेकजणी प्रामाणिकपणे “नाही” म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या लेखी दात घासायची पूड असते. आशाताईंनी आणि डॉक्टरांनी “मिश्री लावता का?” असे थेट विचारावे, हिरड्या उजेडात तपासाव्यात आणि सोडायची तयारी दाखवणारीला तंबाखूमुक्तीचा निःशुल्क क्रमांक १८००-११२-३५६ कागदावर लिहून द्यावा.