शाडूचा हत्ती: आधी पाय

मुंबईतल्या मुलांना शाडूची माती दिली की पहिला हत्ती गणपतीच्या तोंडवळ्याचा होतो. कान सुपाएवढे, पोट गोल, पाय शेवटी कसेबसे चिकटवलेले. म्हणून आठ ते बारा वर्षांच्या गटासाठी क्रमच उलटा केला आहे.

१३ सेंटिमीटर लांब हत्तीला साधारण ८०० ग्रॅम मळलेली माती लागते: धड ३५०, प्रत्येक पाय ६०, डोकं ११०, सोंड ३५, प्रत्येक कान १२, उरलेली शेपटीला आणि सांधे भरायला. गोळे वजन करूनच द्यावेत. नाहीतर निम्मी माती डोक्यात जाते आणि हत्ती तोंडावर पडतो.

पाय ५ सेंटिमीटर उंच, ३ सेंटिमीटरला जरा कमी जाड. हत्ती बोटांवर चालतो आणि बोटांमागे चरबीची गादी असते, त्यामुळे तळवा गोल, सपाट. नखं बहुधा पुढे पाच, मागे चार. आइस्क्रीमच्या काडीने दाबावीत. मागचा पाय मुलं कुत्र्यासारखा वळवतात. हत्तीचा गुडघा खाली असतो आणि पुढे वाकतो. बोटाचा ठसा उमटेनासा झाला की मगच धड ठेवायचं. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेरचा घारापुरीचा दगडी हत्ती आधी दाखवला तर पायांची जाडी लवकर कळते. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं ते याच हत्तीवरून.

सर्वांत जास्त तुटते सोंड. बारीक भाग आधी सुकून आकसतो, डोकं ओलंच असतं, मुळाशी चीर पडते. दोन्ही बाजू काट्याने खरवडून शाडूचाच पातळ चिखल लावावा, टोक पुढच्या पायाला टेकवावं, वर ओलं सुती फडकं गुंडाळावं. आत तार घालू नये: माती आकसते, तार आकसत नाही. खऱ्या सोंडेतही हाड नसतंच, हे मुलांना इथेच सांगावं. सुळे म्हणजे वरच्या जबड्यातले दात. ते सोंडेच्या मुळाशेजारून निघतात, गालातून नाही. आपल्याकडच्या हत्तिणीला लांब सुळे नसतात. मखना तर नर असून बिनसुळ्यांचा.

पावसाळ्यात पंखा लावण्याचा मोह टाळावा. दोन दिवस प्लास्टिकखाली सैल झाकून, मग उघड्यावर. आठवडा सहज जातो. तडकलेला तुकडा बादलीत भिजवला की माती परत मिळते.

पुढच्या खेपेला शेजारी आफ्रिकी हत्ती: कानांना प्रत्येकी ३० ग्रॅम, पाठ मध्ये खोलगट, सोंडेच्या टोकाला एकाऐवजी दोन बोटं.