दार मिटल्यावर उजळणारा उंबरठा

गाडीच्या दारांना उजळणारे उंबरठे, म्हणजे दिवे असलेल्या सिल प्लेट, घरीच बसवायचे ठरवले तेव्हा मला काळजी होती ती फक्त चिकटवण्याची. पट्टी तिरपी बसली तर दार उघडताना रोज तीच आधी दिसणार, याची धास्ती होती. वायरिंगचा फारसा विचार मी केलाच नव्हता, कारण प्रत्येक पट्टीतून दोनच तर वायरी निघत होत्या, एक लाल आणि एक काळी. प्रत्यक्षात चारही पट्ट्या चिकटवायला जेमतेम तासभर लागला आणि त्या दोन वायरींनी माझे दोन रविवार खाल्ले.

पहिल्या रविवारी सगळे जोडून दार उघडले, तर पट्टी काळीठिक्कर. फ्यूज पाहिला, जोड हलवून पाहिले, काहीच सापडले नाही. कंटाळून दार लोटले आणि खाली वाकलो, तेव्हा दाराच्या फटीतून निळसर उजेड येताना दिसला. उंबरठा उजळत होता, पण दार मिटल्यावर.

चूक मोजण्यातच झाली होती. दोन दारांमधल्या खांबात दाराचे बटण असते आणि त्याच्या वायरवर दार उघडताच करंट येत असणार, असे मी गृहीत धरले होते. मल्टीमीटरची काळी सळई बॉडीला आणि लाल त्या वायरला लावली, १२ व्होल्ट दिसले, आणि हीच ती वायर असे समजून पट्टीची लाल वायर तिला व काळी बॉडी अर्थला, म्हणजे बॅटरीच्या मायनसला जोडलेल्या गाडीच्या पत्र्याला, जोडून टाकली. बटण हाताने दाबून धरलेले असताना, म्हणजे गाडीच्या लेखी दार बंद असताना, मी हे मोजतो आहे, हे मात्र ध्यानात आले नाही.

ज्या गाड्यांत छतावरचा दिवा थेट दाराच्या बटणावर चालतो, त्यांतल्या बहुतेकांत दिव्याला प्लस कायम मिळत असतो आणि बटण तोडते-जोडते ते फक्त अर्थ. दार बंद असताना बटणाच्या वायरवर दिसणारे १२ व्होल्ट दिव्याच्या तारेतून आलेले असतात. माझी पट्टी त्या वायरला लावल्यावर करंट आधी छतावरच्या बल्बमधून आणि मग पट्टीतून जाऊ लागला. पट्टीला लागणारा करंट इतका थोडा, की १० वॅटच्या बल्बची तार त्याने तांबूससुद्धा होत नाही, पण एलईडी मात्र व्यवस्थित पेटतात. दार उघडले की बटण ती वायर बॉडीला जोडते, पट्टीची दोन्ही टोके अर्थवर येतात आणि अंधार होतो. हे समजल्यावर मला चुकीचा राग येण्याऐवजी तिचे थोडे कौतुकच वाटले, कारण विजेने सांगितलेले काम अगदी चोख केले होते.

दुरुस्ती सोपी होती. लाल वायर कायम चालू असलेल्या प्लसला, तीही फ्यूजमधून, आणि काळी वायर बटणाच्या वायरला. माझ्या गाडीत चारही बटणे पुढे एकाच वायरला मिळतात, त्यामुळे कोणतेही एक दार उघडले तरी चारही उंबरठे उजळतात. एकेक दार वेगळे हवे असेल तर प्रत्येक बटणानंतर डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, घालून ती एकमेकांपासून तोडावी लागतात. मी त्या भानगडीत पडलो नाही.

प्लस घेतला तो फ्यूजच्या डबीतून, आहे त्याच खाचेत बसणाऱ्या जोड-फ्यूजने, म्हणजे मूळ आणि नवा असे दोन फ्यूज धरून नवी वायर बाहेर काढणाऱ्या होल्डरने. खाच निवडताना चावी काढल्यावरही जिच्यावर करंट राहतो अशी निवडावी आणि एअरबॅग किंवा ब्रेकशी संबंधित खाचेला हात लावू नये. जोड-फ्यूज उलटाही बसतो आणि तसा बसला तरी दिवे लागतात, पण मग नव्या वायरचा करंटही मूळ फ्यूजमधूनच जातो. म्हणून मूळ फ्यूज काढून खाचेच्या दोन पात्यांपैकी कोणत्या पात्यावर करंट आहे ते आधी पाहून घ्यावे. चार पट्ट्यांना मिळून माझ्याकडे २०० मिलिअँपिअर लागत होते, तेव्हा २ अँपिअरचा फ्यूज पुरेसा होता. फ्यूज असतो तो वायर जळू नये म्हणून, दिवा वाचावा म्हणून नव्हे.

मूळ प्लॅस्टिकची पट्टी उचकटण्याआधी बॅटरीची मायनस वायर काढून ठेवावी आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबावे. उंबरठ्याखालून मागे जाणाऱ्या जाड जुडग्यात आणि खांबाच्या तळाशी पिवळ्या आवरणाच्या किंवा पिवळ्या कनेक्टरच्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या आणि सीटबेल्टच्या असतात. त्या मोजायच्याही नाहीत, कारण मीटरची ओहमची तपासणीसुद्धा त्या वायरीत स्वतःचा करंट सोडते आणि त्याने एअरबॅग उघडू शकते. नवी वायर मूळ जुडग्याला कापडी टेपने बांधून नेली, म्हणजे ती खडखडत नाही आणि क्लिपखाली चेमटतही नाही.

चिकटवण्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, जागेची खूण आधी कागदी टेपने करावी, आणि नंतर तीन दिवस पट्टीवर पाय देऊ नये, कारण अशा दुहेरी फोम टेपची पकड पूर्ण व्हायला साधारण ७२ तास लागतात.

लोहचुंबकावर चालणाऱ्या, आत सेल असलेल्या बिनवायरीच्या पट्ट्याही मिळतात. दारावरचा चुंबक दूर गेला की आतला स्विच लागतो. सेल संपले की त्या नुसत्या पट्ट्या उरतात, म्हणून मी त्या घेतल्या नाहीत.

पुढे आतेभावाने त्याच्या नव्या गाडीत हेच काम करून मागितले आणि तिथे माझे ताजे शहाणपण अपुरे पडले. त्या गाडीत दाराचे बटण दिवा लावत नाही, ते फक्त संगणकाला दार उघडल्याची खबर देते. अशा खबरीच्या वायरवर दिव्याचा भार टाकला तर संगणकाला दार उघडे असल्याचा भास होऊ शकतो. म्हणून तिथे जोड थेट छतावरच्या दिव्याच्या दोन वायरींवरून घेतला, आणि तो दिवा मंद होत विझतो तसे उंबरठेही मंद होत विझू लागले. मात्र पूर्ण विझल्यावरही अंधारात अगदी पुसट लकाकी उरत होती, कारण संगणकातून झिरपणारा किंचित करंटही एलईडीला पुरतो. त्या करंटला वेगळी वाट मिळावी म्हणून दोन वायरींच्या मध्ये १ किलोओहमचा अर्ध्या वॅटचा रोधक (रेझिस्टर) लावल्यावर ती गेली.

दोन्ही गाड्यांत शेवटची तपासणी एकच केली. माझ्या पहिल्या जोडणीत हे २०० मिलिअँपिअर दिवसरात्र वाहत राहिले असते आणि ३५ अँपिअर-तासाची बॅटरी चार दिवसांच्या आत निम्मी झाली असती. म्हणून बॉनेट उघडे ठेवून मीटर मायनसच्या वायरीत मालिकेत, म्हणजे सगळा करंट त्यातूनच जाईल असा, जोडला, दारे बंद केली, गाडीला कुलूप लावले आणि पाऊण तास थांबलो. मीटरवरचा आकडा काम सुरू करण्याआधी टिपून ठेवला होता तेवढाच होता.