कात्री न लावता

मंगळवार, रात्री

ताई आज भाच्याचा जुना मरून स्वेटर घेऊन आली. भाचा कॉलेजात गेला, स्वेटर कपाटातच राहिला. कोपरांशी तो थोडा विरला आहे, पण बाकीची लोकर अजून दणकट आहे. ताईच्या धाकट्या जावेची मुलगी सात वर्षांची आहे आणि तिच्यासाठी यातून काही होईल का, असे ताईला विचारायचे होते. मी लगेच हो म्हटले, तेव्हा तिने शंका काढली, "अगं, पण हा मशीनवरचा ना? हातावरचा उसवतो, मशीनवरचा कसा उसवेल?"

हा प्रश्न मला अनेकींनी विचारलेला आहे. मशीनवर विणलेले म्हणजे कापडासारखे, एकदा झाले की झाले, अशी समजूत सर्रास आढळते आणि तिला कारणही आहे. बाजारातले पुष्कळसे स्वेटर सलग विणलेल्या कापडातून मापाप्रमाणे कापून ओव्हरलॉकवर, म्हणजे कापलेली कड धाग्याने बांधत शिवणाऱ्या मशीनवर, शिवलेले असतात. तसा स्वेटर उसवायला घेतला तर मुंढ्यापाशी आणि गळ्यापाशी प्रत्येक ओळीचा वेगळा तुकडा हातात येतो, कारण कात्रीने प्रत्येक ओळ तिथेच तोडलेली असते. घरच्या मशीनवर मात्र आपण आकार सुयांवरच देऊ शकतो. जिथे अंग अरुंद हवे तिथे टाके कमी करायचे, जिथे रुंद हवे तिथे वाढवायचे, आणि कात्री कुठेही लावायची नाही. हा मरून स्वेटर मी तसाच विणला होता, म्हणून तो उसवेल.

बुधवार

दुपार उसवण्यात गेली. आधी बाजूच्या आणि बाह्यांच्या शिवणी सोडवल्या, मग खांद्यांच्या. विणकाम जिथे संपते तिथूनच ते सहज सुटते, त्यामुळे पाठ आणि पुढचा भाग गळ्याकडून खाली उसवले, आणि बाह्या मनगटाकडून वर विणलेल्या असल्यामुळे खांद्याकडच्या गोलाईपासून सुरुवात केली. खुर्चीच्या पाठीला गुंडाळत धाग्याच्या लडी केल्या, त्या चार ठिकाणी सैल बांधल्या, कोमट पाण्यात साबणाचे थोडे द्रावण घालून बुडवल्या आणि न पिळता सावलीत टांगल्या. खालच्या टोकाला हलके वजन अडकवले आहे. इतकी वर्षे टाक्यांच्या आकारात राहिलेला धागा नागमोडी झालेला असतो आणि तो तसाच मशीनवर चढवला तर टाके लहानमोठे पडतात.

गुरुवार, रात्री

नाशिकला आज चांगलाच गारठा आहे. लडी वाळल्या, तेव्हा धागा मेणावरून फिरवत गुंडाळून घेतला. मेण लावल्यावर तो मशीनच्या ताणाच्या चकतीतून अडखळत नाही.

लडी वाळेपर्यंत मी जुन्या इंग्लंडातल्या विणकरांविषयी पुन्हा वाचत होते. विल्यम ली याने १५८९ मध्ये नॉटिंगहॅमशायरमधल्या कॅल्व्हर्टन या गावी पायमोजे विणण्याची चौकट तयार केली, आणि पुढची दोन शतके ही यंत्रे मुख्यतः विणकरांच्या घरांतच चालत होती. पुष्कळांची चौकट स्वतःची नसे, तिचे भाडे मजुरीतून कापले जाई. म्हणजे आपण ज्याला घरगुती विणकाम म्हणतो ते यंत्राच्या जन्मापासून आहे, कारखाने नंतर आले. १८११ मध्ये त्याच भागात विणकरांनी चौकटी फोडायला सुरुवात केली. चौकटी फोडणाऱ्या या विणकरांना लडाइट म्हणतात. लडाइट म्हटले की यंत्राला घाबरणारी अडाणी माणसे असे चित्र रंगवले जाते, ते मला फार अन्यायाचे वाटते. ते स्वतः यंत्रावरच काम करणारे कसबी लोक होते. घटती मजुरी हे त्यांचे मोठे दुखणे होते, आणि त्याच्या जोडीला आणखी एक तक्रार होती: रुंद चौकटीवर सपाट कापड विणून, ते कापून आणि शिवून केलेले मोजे बाजारात येत होते. पायाच्या आकाराने विणलेल्या मोज्याच्या तुलनेत ते लवकर उसवत आणि साऱ्या धंद्याचे नाव खराब करत. त्यांच्या चौकटी फोडण्याचे समर्थन मी करत नाही, पण कापलेल्या विणकामाबद्दलचा त्यांचा राग मला नीट समजतो.

आकार देत विणणे कारखान्याला अशक्य आहे, असेही नाही. लफबरोच्या विल्यम कॉटन याने १८६४ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रावर टाके आपोआप कमीजास्त होत असत, आणि जपानच्या शिमा सेइकी या कंपनीने १९९५ मध्ये आणलेल्या यंत्रावर तर अख्खा स्वेटर शिवणीशिवाय विणून निघतो. जिथे तसे होत नाही, तिथे अडचण वेळेची आणि पैशांची असते.

शनिवार

नमुना विणून कालची रात्र तसाच ठेवला, सकाळी धुतला, वाळल्यावर मोजला. या पायरीची घाई मी कधीच करत नाही. मशीनवर असताना वजनांमुळे विणकाम लांबट ओढलेले असते, त्या वेळी घेतलेले माप खोटे निघते. शिवाय एकदा वापरलेली लोकर पूर्वीपेक्षा किंचित बारीक झालेली असते, म्हणून वहीतले जुने आकडे इथे चालत नाहीत. माझे मशीन एका बेडचे, म्हणजे सुयांची एकच रांग असलेले, २०० सुयांचे, साडेचार मिलिमीटर अंतराचे आहे. नमुन्यात ४० टाके १३.३ सेंटिमीटर आणि ६० ओळी १४.३ सेंटिमीटर भरल्या, म्हणजे १० सेंटिमीटरला ३० टाके आणि ४२ ओळी.

पुढचे सगळे गणित यावरून होते. पाठ ३६ सेंटिमीटर रुंद हवी, म्हणून १०८ टाके. मुंढ्यापर्यंत काठ सोडून २५ सेंटिमीटर, म्हणजे १०५ ओळी. बाही मनगटाशी १८ सेंटिमीटर आणि दंडाशी २८, म्हणजे ५४ टाक्यांपासून ८४ टाक्यांपर्यंत जायचे. दोन्ही बाजूंना १५-१५ टाके वाढवायचे आहेत आणि त्यासाठी १२६ ओळी आहेत. दर आठव्या ओळीला एक याप्रमाणे वाढवत गेले की १२० ओळींत वाढ पूर्ण होते आणि वरच्या ६ ओळी सरळ जातात. असे गणित जुळले की मला मनापासून आनंद होतो.

काठ मात्र एका बेडवर खरा उलट-सुलट होत नाही. मशीनच्या सगळ्या सुया एकाच दिशेने टाका ओढतात, आणि विणताना आपल्यासमोर उलटी बाजू असते. ज्यांच्याकडे दुसरा बेड आहे त्यांचे काम सोपे होते. मी एकाआड एक टाका खालपर्यंत सोडते आणि आकड्याच्या हातसुईने तो उलट दिशेने ओळीओळीने परत वर चढवते. मशीनच्या सुईतही हीच रचना आहे: टोकाला आकडा, त्यामागे हलणारी जीभ, सुई पुढे गेली की जुना टाका जिभेमागे जातो, आकड्यात नवा धागा बसतो, आणि सुई मागे येताना जुना टाका जीभ मिटवून तिच्यावरून निसटतो. सुयांवरून सरकणारे कॅरेज एकदा फिरवले की शंभरभर सुया हे एकापाठोपाठ करतात. काठाला मी तेच एकेक करून करते आणि त्याला पाठीइतकाच वेळ जातो.

रविवार

पाठ झाली. मुंढ्याला दोन्ही बाजूंचे ५ टाके बंद केले, आणि पुढे एक ओळ सोडून एक असे ५ वेळा टाके घटवले. घटवताना कडेचा एकटा टाका शेजारच्या सुईवर टाकण्याऐवजी मी टाके एका सुईवरून दुसरीवर नेणाऱ्या तीन दात्यांच्या ट्रान्स्फर टूलने कडेचे तीनही टाके एकदम आत सरकवते. त्यामुळे दुहेरी टाका कडेपासून थोडा आत पडतो, कड शिवणीसाठी स्वच्छ राहते आणि मुंढ्याच्या बाजूने तिरप्या टाक्यांची एक रेघ उमटते. दुकानात स्वेटर पारखायचा असेल तर हीच रेघ शोधावी. ती असेल तर तो आकार देऊन विणलेला आहे. ती नसेल आणि मुंढ्याच्या आत जाड ओव्हरलॉक असेल तर बहुतेक तो कापलेला आहे.

संध्याकाळी आमच्या सोसायटीतल्या एक काकू शाळेच्या स्वेटरांची ऑर्डर घेऊन आल्या. संख्या मोठी होती आणि स्वेटर शाळेची सुट्टी संपायच्या आत हवे होते. त्यांनी आपुलकीनेच सुचवले की रुंद कापड विणून द्या, कापून शिवायचे माझ्या सुनेकडे आहे. अस्तर लावलेल्या जाकिटासाठी मी ते मान्य केलेही असते. पण शाळकरी मुलाचा स्वेटर दोन वर्षांत आखूड होतो, आणि तो उसवून त्याच लोकरीत थोडी नवी घालून पुढच्या मापाचा करता येणे, हीच तर आपल्या घरांतली रीत आहे. कापलेल्या स्वेटरात ती सोय उरत नाही. मी त्यांना जेवढे वेळेत आकार देऊन विणता येतील तेवढेच सांगितले, आणि भावही माझा सांगितला. "मशीनवर तर होतात, मग इतके कसे?" असे त्या म्हणाल्या, तेव्हा मी त्यांना ट्रान्स्फर टूल हातात देऊन एक मुंढा घटवायला बसवले. निम्म्या स्वेटरांची ऑर्डर देऊन त्या गेल्या.

पुढच्या भागाचा गळा उद्या घेईन: निम्म्या सुया पुढे ओढून थांबवायच्या, एक खांदा पूर्ण करायचा, मग दुसरा. शिवण त्याच लोकरीने हाताने घालायची आहे, पहिल्या आणि दुसऱ्या टाक्यांमधला आडवा धागा उचलत, पण शिवणीचे शेवटचे टोक आतून पिवळ्या धाग्याने अडकवून ठेवणार आहे, म्हणजे पुढे जी कोणी हा स्वेटर उसवेल तिला सुरुवात कुठून करायची ते शोधावे लागणार नाही. लोकर उरली तर कानटोपी होईल.