उघड्यावर पिस्तूल: परवानगी कुठे संपते

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत कंबरेला पिस्तूल उघड लावून रस्त्यावरून चालता येतं. हे खरं असलं तरी एवढ्यावर भरवसा ठेवून घराबाहेर पडणारा माणूस दिवसाभरात दोन-तीन गुन्हे सहज करून बसेल, आणि त्यातला एखादा तुरुंगात पाठवणारा असेल.

आधी व्हिसाचं बोलू, कारण तिथे राहणाऱ्या बऱ्याच मराठी लोकांसाठी हा विषय तिथेच संपतो. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ यांसारख्या बिगर-स्थलांतरित, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायला संघराज्याच्या कायद्याने बंदी आहे. 'आमच्या राज्यात परवाना लागत नाही' हा बचाव चालत नाही, कारण ही बंदी राज्याची नाहीच. नेमबाजीच्या रेंजवर भाड्याने घेतलेलं पिस्तूल हातात धरणं हेसुद्धा 'बाळगणं' ठरू शकतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अपवाद मोजके आहेत. त्यातला नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी लागू नाही. पण बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यास देशाबाहेर काढलं जाऊ शकतं, त्यामुळे नागरिकाच्या बाबतीत दंडावर निभावणारी चूक ग्रीन कार्डवाल्याला देशाबाहेर घेऊन जाऊ शकते.

आता राज्यांकडे वळू. २०२२ च्या ब्रुएन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घराबाहेर स्वसंरक्षणासाठी शस्त्र बाळगणं हा हक्क मानला. ते उघड बाळगायचं की झाकून, यावर राज्यांचे नियम राहिलेच. इलिनॉय आणि न्यूयॉर्कमध्ये परवाना मिळतो तो झाकून बाळगण्याचा. तिथे पिस्तूल उघड लावलं तर गुन्हा. फ्लोरिडात २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत उघड बाळगण्यावर बंदी होती, ती अपील न्यायालयाने रद्द ठरवली. टेक्सासमध्ये २०१६ पासून परवाना असलेल्याला आणि १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या, कायद्याने अपात्र नसलेल्या माणसाला परवान्याशिवायही उघड बाळगता येतं. अट एवढीच, की दिसणारं पिस्तूल होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात हवं. नुसतं पँटच्या पट्ट्यात खोचलेलं चालत नाही.

लोक जास्त फसतात ते बारीक हद्दींवर. पेनसिल्व्हेनियात पायी चालताना उघड पिस्तुलाला सहसा परवाना लागत नाही, पण तेच पिस्तूल कंबरेला ठेवून गाडीत बसलात की परवाना लागतो. व्हर्जिनियात उघड चालतं आणि झाकलेल्याला परवाना हवा, म्हणजे थंडी वाजली म्हणून जॅकेटची चेन ओढली आणि पिस्तूल आत गेलं, तर कायदा बदलला. हेतू काय होता हे नंतर वकील सांगेल. पोलिसाला त्या क्षणी दिसतं ते कपड्याखाली दडलेलं शस्त्र.

सर्वांत दुर्लक्षित हद्द शाळेची. संघराज्याच्या कायद्यानुसार शाळेच्या आवारापासून १,००० फुटांच्या, म्हणजे साधारण ३०५ मीटरच्या आत बंदूक बाळगणं हा ५ वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ तरतूद रद्द केली, १९९६ मध्ये अमेरिकी संसदेने ती सुधारून परत आणली. यातून सूट मिळते ती, ती शाळा ज्या राज्यात आहे त्या राज्याने दिलेल्या परवान्याला. शिवाय खासगी जागेत, किंवा गोळ्या काढून कुलूपबंद डब्यात ठेवलेल्या बंदुकीला. एकामागून एक राज्यं परवान्याची अट काढत गेली आणि लोकांनी परवाना घेणंच सोडलं, पण शहरातून चालताना दर काही चौकांनी कुठल्या ना कुठल्या शाळेचं वर्तुळ ओलांडावं लागतं. म्हणून राज्य मागत नसलं तरी परवाना काढाच. शेजारच्या राज्याचा परवाना तुमचं राज्य मानत असेल, तरी या कलमासाठी त्यावर विसंबू नका.

पाट्या वाचायला शिका. टेक्सासमध्ये ३०.०७ क्रमांकाची पाटी म्हणजे परवानाधारकाच्या उघड पिस्तुलाला मज्जाव, ३०.०६ म्हणजे परवानाधारकाच्या झाकलेल्या पिस्तुलाला. पाटी इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, अक्षरं किमान एक इंच उंचीची. पाटी न जुमानता आत गेल्यास २०० डॉलरपर्यंत दंड; तोंडी सांगूनही बाहेर पडला नाहीत तर गुन्हा वरच्या वर्गात जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. लाल ५१% ची पाटी म्हणजे निम्म्याहून जास्त उत्पन्न तिथेच प्यायल्या जाणाऱ्या दारूचं. तिथे पिस्तूल नेऊच नये. पोस्ट ऑफिस आणि संघराज्याच्या इमारती देशभर वर्ज्य. वॉलमार्टने २०१९ मध्ये ग्राहकांना उघड शस्त्र न आणण्याची विनंती केली. ती कायदा नव्हे, पण कर्मचाऱ्याने बाहेर जा म्हटल्यावर थांबणं म्हणजे अतिक्रमण.

कायदा पाळूनही उरतो तो हिसकावला जाण्याचा धोका. झाकलेलं पिस्तूल कुणाला माहीत नसतं. उघडं पिस्तूल रांगेत मागे उभ्या असलेल्याच्या हाताशी असतं. त्यामुळे नुसत्या घट्टपणावर पिस्तूल धरून ठेवणारं साधं होल्स्टर इथे अजिबात पुरत नाही. अंगठ्याने उघडायची किमान एक यांत्रिक अडवणूक हवी, दोन असतील तर उत्तम. ट्रिगरभोवतालची कडी पूर्ण झाकली गेली पाहिजे, साहित्य न वाकणारं हवं, आणि पट्टा सुमारे दीड इंच रुंद व ताठ. मऊ पट्ट्यावर होल्स्टर बाहेर कलतं, आणि ओढणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. जुन्या चामड्याची कड आत दुमडली किंवा जॅकेटच्या नाडीचं टोक आत गेलं, तर पिस्तूल परत ठेवताना तेच ट्रिगर दाबतं. म्हणून ठेवताना घाई नको: बोट फ्रेमवर (ट्रिगरच्या वरच्या भागावर) सरळ, कपडा बाजूला, नजर होल्स्टरवर. गर्दीत पिस्तुलाची बाजू भिंतीकडे ठेवा आणि कोपर पिस्तुलावरून हलवू नका. होल्स्टरमधून हिसकावणं परतवण्याचा सराव रिकाम्या किंवा रबरी पिस्तुलाने, प्रशिक्षकासमोर करावा. तो केला नसेल तर गर्दीत उघड बाळगू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वादात पिस्तुलाच्या मुठीवर हात ठेवणं धमकी ठरू शकतं, पिस्तूल बाहेर न काढताही. पार्किंगच्या भांडणात माफी मागा आणि निघून जा.

पोलिसांना 'बंदूकवाला माणूस' असा फोन गेला की येणाऱ्या अधिकाऱ्याला तुमचा परवाना दिसत नाही. ७ जुलै २०१६ ला डॅलसमध्ये मोर्चावरच्या बंदोबस्तात पाच पोलीस मारले गेले, तेव्हा कायदेशीरपणे रायफल घेऊन मोर्चात आलेल्या एका निर्दोष माणसाचा फोटो पोलिसांनीच संशयित म्हणून प्रसिद्ध केला होता. जिथे उघड बाळगणं कायदेशीर आहे तिथे केवळ त्या कारणाने अडवता येत नाही, असं चौथ्या सर्किट न्यायालयाने (संघराज्याच्या एका अपील न्यायालयाने) २०१३ मध्ये म्हटलं आहे. पण हा युक्तिवाद न्यायालयात करायचा. रस्त्यावर दोन्ही हात रिकामे आणि दिसतील असे ठेवा, पिस्तुलाकडे बोटही दाखवू नका, ते कुठे आहे हे तोंडाने सांगा. अधिकाऱ्याला देण्यासाठी स्वतः काढू नका. त्यालाच काढू द्या.

पिस्तूल उतरवण्याची वेळ येते तेव्हाही चुका होतात. पोस्ट ऑफिसच्या आवारात शिरण्याआधीच थांबा, होल्स्टरसकट काढा, गाडीच्या सांगाड्याला केबलने बांधलेल्या कुलूपबंद पेटीत ठेवा. सीटखाली किंवा डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलेलं पिस्तूल चोराच्या हाती लागतं. स्वच्छतागृहात ते होल्स्टरमधून काढून टॉयलेट पेपरच्या डब्यावर किंवा हुकावर ठेवू नका. तसं ठेवलेलं तिथेच विसरलं जातं. होल्स्टरमध्येच राहू द्या आणि उठेपर्यंत एक हात त्यावर असू द्या.